साठ तास अलीकडे

डॉक्टर निंगबाईंनी संमतीचा कागद तिसऱ्यांदा पुढे केला आणि तोंग म्हाताऱ्यानं तो तिसऱ्यांदा परत केला.

"आज सही नाही केलीत तर पुढचा नंबर थेट गुरुवारी," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या हृदयाच्या नळ्या गुरुवारपर्यंत थांबतील असं मला वाटत नाही."

"चाळीस वर्षं थांबलोय. पेईला येऊ दे, मग काय कापायचं ते कापा. टेबलावरून परत नाही आलो तर कळायचं राहून जाईल."

काय कळायचं, ते बाईंना सांगण्याची सोय नव्हती. त्याच्या बायकोला, युनफांगला, मात्र ठाऊक होतं. नवरा विमानाच्या इंजिनांची चाचणी घेणारा उस्ताद. निवृत्त झाला तरी जीव तिथंच. चीनमधल्या या शेनयांग शहरात भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे म्हणत, आपल्या लढाऊ विमानांचं अंग पैलवानाचं, पण त्यांना हृदयरोग आहे. हृदय म्हणजे इंजिन. पाश्चात्त्यांचं इंजिन न उघडता जितके तास चालतं, तितके तास आपलं चालेल का, याची चाचणी गेले कित्येक महिने चालू होती आणि आज सकाळी संपणार होती. या इंजिनापायी तोंग स्वतःच्या मुलीच्या लग्नातून जेवण टाकून उठला होता. युनफांगनं त्या धुडाला सवतीला घालाव्यात तशा शिव्या घातल्या होत्या.

पेई जिन्यात दिसला तशी ती धावत गेली. पेई तोंगच्या हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा, चाचणी विभागाचा प्रमुख. त्याचा चेहरा बघूनच ती काय ते समजली.

"पास झालं म्हण," तिनं त्याची बाही धरली. "एवढं एकदाच, पेई. सही करतील."

"काकू, कामाच्या पहिल्या दिवशी मी मापकाच्या काट्यावरचा आकडा 'साधारण' म्हणून सांगितला होता. उस्तादांनी दिवसभर त्या काट्यापुढं उभं केलं होतं मला. काट्यावर दिसेल तेवढंच बोलायचं. त्यांच्यापुढं खोटं माझ्या तोंडातून निघायचं नाही."

"मग मारून टाक त्यांना खरं बोलून."

पेई बाही सोडवून खोलीत गेला. कारखान्यातलं फाटकाबाहेर बोलायची बंदी होती. त्यामुळे बाहेर भेटले की गुरु-शिष्य इंजिनाला 'रुग्ण' म्हणत आणि त्यातल्या पात्यांना 'दात'.

"रुग्ण कसा आहे?" तोंगनं विचारलं.

"बसला, उस्ताद. सकाळी सहाला. परदेशी रुग्ण जिथवर चालतो, त्याच्या साठ तास अलीकडे."

युनफांगनं पलंगाची दांडी घट्ट धरली.

"कशानं?"

"एक दात. मुळाशी चीर गेलीय, केसाएवढी."

"मुळाशी? टोकाशी नाही?"

"मुळाशी. काट्यानं आधीच इशारा दिला. आम्ही वेळेत बंद केलं."

डॉक्टर निंगबाईंनी मान वर केली. "कोणाबद्दल चाललंय हे? दात दुखला म्हणून माणूस चालायचा थांबतो का?"

"माझा भाचा," तोंग म्हणाला. "लाडावलेला आहे."

त्यानं डोळे मिटले. आता हा भिंतीकडे तोंड करून पडणार, असं युनफांगला वाटलं. पण म्हाताऱ्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मागचा रुग्ण न सांगता फुटला, त्याचे दात आपण भिंतीतून उपसून काढले होते, आठवतंय ना? या वेळी थांबून, सांगून बसला. कुठं दुखतंय तेही दाखवलं. अजून काय हवं?" मग तो एकदम उठून बसायला लागला. "मुळाचा तो कोपरा कोण घासतं हल्ली?"

"यंत्र घासतं, उस्ताद."

"तरीच! तो कोपरा बोटाला कळतो रे, यंत्राला काय कळणार. मी येईपर्यंत त्या दाताला कोणी हात लावायचा नाही. डॉक्टरबाई, किती दिवसांत उभा राहीन?"

"तीन महिने आराम."

"दीड. तुमचं ते छाती उघडल्यावर रक्त फिरवणारं यंत्र कुठलं?"

"जर्मन."

"चालेल. चांगली करतात ते. आणा तो कागद."

सही करताना त्यानं नाव पूर्ण लिहिलं. मग त्यानं पेईचं मनगट धरलं. "पास झाला म्हणाला असतास, तर मी आज त्या टेबलावर निवांत झोपलो असतो. उठायचं कशाला? खरं बोललास, फार उपकार झाले तुझे."

पेईनं उस्तादाच्या पायांवरची चादर उगाच सारखी केली.

ढकलगाडी दारांच्या आत गेली आणि दारं मिटली. बाकड्यावर युनफांग आणि पेई शेजारी शेजारी बसून राहिले. मघाशी याला काय बोलून गेले, या विचारानं तिला शरम वाटत होती. आणि चाळीस वर्षं जिला पाण्यात पाहिलं, त्या सवतीबद्दल, तिच्या त्या केसाएवढ्या चिरेबद्दल, मनात इतकी माया दाटून आली होती की हात जोडावेत, पण कुणापुढं जोडायचे ते कळेना.

"पेई, एक ऐकशील?"

"सांगा ना, काकू."

"तुमच्या त्या रुग्णाला म्हणावं, सावकाश बरा हो."