बाळाचं वजन

बॅग पोटाशी कवटाळून बाळ वजनकाट्यावर चढला. आकडा दिसत नाही, तू वाच, असं त्याने धाकट्या बहिणीला फर्मावलं. बॅग मध्ये येते म्हणून दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. बहिणीने वाकून आकडा वाचला. त्यातून बाळाने स्वतःचं वजन वजा केलं, बॅग खाली आदळली आणि कपाळाला हात लावला. विमानवाले चालवून घेतील त्याहून बॅग चार किलो जास्त भरत होती.

बाळ म्हणजे बेचाळीस वर्षांचा घोडा. परदेशात मोठा हुद्दा, हाताखाली माणसं. पण आईला अजून बाळच. तीन आठवड्यांसाठी घरी आला होता. आल्या आल्या त्याने याच काट्यावर उभं राहून घरादाराला आकडा दाखवला होता. चाळिशी उलटली तरी वजन कसं काबूत ठेवलंय, यावर एक व्याख्यानही झोडलं होतं. इथे आलो म्हणून वाहवत जाणार नाही, खाणं आणि खरेदी यांचा समतोल साधायचा, असं त्याने वर बजावलं.

तो त्याने साधलाही. सकाळी आईच्या हातचं पोटभर. मग खरेदीला बाहेर, कारण खाल्लेलं चालून जिरतं. चालून भूक लागली की कोपऱ्यावरचा तळणवाला. तळणाने जीव जड झाला की पुन्हा एखादं दुकान. रात्री काय करू, असं आईने विचारलं की म्हणायचा, हलकंच कर काहीतरी. आणि ते हलकं चार-चार वेळा वाढून घ्यायचा. आईशी दोन घटका बोलायला मात्र त्याला सवड झाली नाही. तोंड रिकामं असेल तर बोलणार ना!

बॅगेत चामड्याचे बूट होते, तेही तीन जोड. पडदे होते. ऑफिसातल्यांना वाटायला लाकडी घोडे होते. त्या ऑफिसातल्यांपैकी निम्म्यांची नावंसुद्धा याला धड आठवत नव्हती. आणि या सगळ्यावर एक पिवळी चादर होती. आई शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांचे कपडे हातावेगळे करून उरलेल्या वेळात, वर्षभर खपून तिने ती जाड लोकरीची चादर विणली होती. रंग नातीने फोनवरून सांगितला होता. नात तिकडेच जन्मलेली, आजीच्या मांडीवर कधी बसलेली नाही. फोन आला की तिचं एकच विचारणं असायचं, आजी, झाली का माझी चादर?

निघायच्या दिवशी सकाळी प्रवासाची पँट बाळाच्या कमरेला बसेना. इथल्या पाण्याने कपडे आटतात, असा शोध त्याने लावला. मागची शिवण उसवून आईने पँट दोन बोटं सैल करून दिली.

तर आता चार किलो काढायचे होते. बाळाने बॅग उघडली, चादर उचलली आणि काट्यावर ठेवली. बरोब्बर चार. त्याचा चेहरा खुलला.

“आई, ही राहू दे. पुढच्या वेळी नेतो. तशीही आमच्या घरात थंडी वाजत नाही.”

आईने बरं म्हटलं. टॅक्सी आली, टॅक्सीत बॅगा बसल्या, खोकी बसली, आईला जागा उरली नाही. तिने दारातूनच हात हलवला.

थोड्या वेळाने विमानतळावरून फोन आला. बाळ भलताच वैतागला होता. काउंटरवरच्या माणसाने बॅग तोलून, अजून चार किलो बसतील असं सांगितलं होतं. तो घरातला काटा आधी भंगारात टाका, माझी जागा फुकट चालली, म्हणून त्याने बहिणीला झापलं. मग जरा निवळला. इथे मिठाईचं दुकान दिसतंय, चार डबे घेऊन भरतो, म्हणाला. चादरीचं नावही त्याने काढलं नाही.

बहिणीने फोन ठेवला आणि तांदळाची न फोडलेली पिशवी आणून काट्यावर ठेवली. पिशवीवर छापलं होतं तेवढंच वजन काट्याने दाखवलं. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि अंगाचा तिळपापड झाला. हा शहाणा आल्या दिवशीचं वजन वजा करून मोकळा झाला होता. ते चार किलो बॅगेत नव्हतेच, तीन आठवडे चरून याने अंगावर चढवले होते.

तिने ते आईला तावातावाने सांगितलं. आई चादरीची घडी घालत होती.

“ठाऊक आहे मला. सकाळी पँट कोणी सैल केली?”

मग त्याला वजन करतानाच का नाही सांगितलंस, असं बहिणीने विचारलं.

“सांगणारच होते गं,” आई म्हणाली. “तेवढ्यात त्याने बॅग उघडली, आणि दुसऱ्या कशाला हातही लावला नाही.”