बरणीतलं मीठ

जिजाबाईंच्या नातसुनेच्या चॉकलेट केकात अंडं नव्हतं, दूध नव्हतं, लोणी नव्हतं. घरात ओव्हनही नव्हता. म्हणून हेमालीने कढईच्या तळाशी जाडं मीठ पसरलं, त्यावर केकचा डबा ठेवला आणि झाकण लावलं.

"मीठ कुठलं गो घेतलंस?" जिजाबाईंनी विचारलं.

"तुमच्या बरणीतलं, आजी."

जिजाबाईंनी वळून बरणीकडे पाहिलं. भाईंदरचं त्यांचं मिठागर बंद पडलं, तेव्हा उचललेलं ते शेवटचं मीठ. बारा वर्षं त्यांनी त्यातला एक खडाही वापरला नव्हता.

पाऊण तासाने झाकण निघालं. केक टम्म फुगला होता. हेमालीने तो उचलला. जिजाबाई मात्र खालच्या मिठावर तळहात धरून बघतच राहिल्या.

"आपल्या मिठागराचं ऊन अजून निवलं न्हाय गो, पोरी!"