गनचा गोंगाट

“साहेब, मला पॅकिंगला टाका. हिच्या शेजारी मी बसायची नाही!”

धाकटी हे सुपरवायझरला म्हणाली, पण थोरलीच्या कानावर जाईल अशा बेतानेच. दोघी सख्ख्या जावा. भांडण कशावरून, तर घरं वेगळी होताना एका कपाटावरून. शब्दाने शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. कपाटाला केव्हाच वाळवी लागली, अबोला मात्र धडधाकट!

“आजचा दिवस काढ,” सुपरवायझर म्हणाला. “संध्याकाळी बघू.”

इतकी वर्षं निभलं ते स्क्रूच्या गनमुळे. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून मिक्सर यायचा, दोघी समोरासमोर उभ्या. डाव्या हाताने स्क्रू धरायचा, उजव्या हाताने वरून गन दाबायची. घर्रर्र! त्या गोंगाटात बोलायचा प्रश्नच नव्हता. फक्त धाकटीने गन उचलली की थोरलीचे ओठ हलायचे. दर वेळी. ‘घाल, घाल शिव्या,’ धाकटी मनात म्हणायची आणि गन आणखी जोरात दाबायची. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर एक जुना वण होता. गन घसरली होती, तेव्हा पट्टी थोरलीनेच बांधली होती. पण ते कपाटाच्या आधीचं.

आजपासून स्क्रू रोबो आवळणार होता, आणि त्याचा आवाज काचेच्या आत. दोघींची नोकरी राहिली हेच नशीब. काम एवढंच, काचेसमोर शेजारीशेजारी बसून तयार मिक्सर तपासायचे. इतकी शांतता, की धाकटीला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज नव्याने कळला.

रोबोचा हात पहिल्या मिक्सरवर उतरला. थोरली त्याच्याकडेच बघत होती. सवयीने तिचे ओठ हलले. धाकटीने कान टवकारले. आज ऐकतेच, आणि मग बघते हिच्याकडे!

“बोट सांभाळ गं, धाकटे.”

रोबोला कुठली बोटं? धाकटीचा अंगठा आपसूक त्या वणावर गेला. काचेतल्या त्या यंत्राचे पाय धरावेत असं तिला वाटलं, पण त्याला पायही नव्हते.

“ताई,” ती म्हणाली. कपाटानंतर पहिल्यांदाच. थोरली दचकली, आणि मग दोघीही रडल्या. दोन मिक्सर न तपासताच पुढे गेले.

संध्याकाळी सुपरवायझर आला. “हं, पाठवू का पॅकिंगला?”

“नको साहेब,” धाकटी म्हणाली. “इथं ऐकू येतं.”