रिकामा रकाना

शफीकभाईंच्या खांद्यावर शाल चढली, हातात नारळ आला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. अकोल्यात गाद्या भरणाऱ्या माणसाला अमरावतीच्या कॉलेजने व्यासपीठावर बसवलं होतं. कापूस पिंजण्यात आयुष्य गेलेली बोटं ती. त्यांनी शालीचं टोक चिमटीत चोळून पाहिलं आणि सोडून दिलं.

त्यांची मुलगी जेबा खाली लॅपटॉपपाशी बसली होती. याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल त्या तासांचे पैसे, आणि तेही येतील तेव्हा. विभागप्रमुख मोरोपंत सरांच्या आजच्या भाषणाचे तक्ते तिनेच रात्री जागून केले होते. त्याचे तास कोणी धरत नाही.

"गरिबाच्या घराला सरासरी उत्पन्न गाठायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात," सर सांगत होते. "आपल्याकडे सात. पण आमच्या सर्वेक्षणात काही वेगळंही दिसलं. जेबा, शेवटचा तक्ता."

हा एक तक्ता तेवढा सरांनी स्वतः भरला होता. पडद्यावर ठिपके उमटले. एक ठिपका म्हणजे एक घर. मुलं बापापेक्षा जास्त कमावत असतील तर रेषेच्या वर, हिरवा. कमी कमावत असतील तर खाली, लाल. सरांनी सगळ्यात वरच्या ठिपक्यावर काठी टेकवली.

"हे शफीकभाईंचं घर. वडील महिना अठरा हजार, मुलगी नव्वद हजार. सात नाही, एकाच पिढीत."

जेबाला क्षणभर काही कळेना. कळलं तशी कानशिलं तापली. जुलैपासून तिला मानधनाचा एक पैसा मिळाला नव्हता. शून्य लिहायची लाज वाटली म्हणून सर्वेक्षणाच्या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना तिने रिकामा सोडला होता. रिकामा रकाना हुद्द्यावरून भरायचा, हा सरांचाच नियम. हुद्दा प्राध्यापक, म्हणून कायम प्राध्यापकाचा पगार त्यांनी तिच्या नावावर चढवून दिला होता.

शफीकभाई तिच्याकडे पाहत होते. तिचं खोलीभाडं तेच पाठवायचे. मागच्या महिन्यात पिंजायच्या मशीनची मोटर जळाली, ती तशीच ठेवून त्यांनी भाडं पाठवलं होतं. अशी संशयाची नजर तिने त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

"बेटा," ते वरूनच म्हणाले, "तू तं म्हणत होती, पगार झाला नाही म्हणून."

"आजकालची मुलं घरी खरा पगार सांगतात होय, शफीकभाई?" सर म्हणाले. सभागृह खदखदून हसलं.

पुढच्या सत्राचे तास सरांच्या हातात होते. तोंड उघडलं की ते गेले, हे जेबाला पक्कं ठाऊक होतं. तिने सर्वांसमोर लॅपटॉपवर तो रकाना उघडला, नव्वद हजार खोडले आणि शून्य लिहिलं. हिरवा ठिपका लाल झाला आणि रेषा ओलांडून थेट तळाला गेला.

"जेबा, मागचा तक्ता लाव," सर म्हणाले. "आणि नंतर केबिनमध्ये ये."

"येते सर. माझं बिलही तिथंच आहे, तुमच्या टेबलावर. जुलैपासून सहीला पडलंय."

शफीकभाईंनी पडद्याच्या तळाकडे बोट दाखवलं.

"हे खालचं लाल, हेच आमचं घर काय?"

"हो, अब्बा."

त्यांनी मान हलवली. तिच्याकडे पाहिलं, तेव्हा मघाची नजर गेली होती. मग ते उठले. खांद्यावरची शाल काढली, गादीच्या खोळीची घालतात तशी नीट चौघडी घातली आणि नारळासकट सरांच्या पुढ्यात ठेवली.

"मंग सर, हे मले कायच्यासाठी देलं?"

आणि उत्तरासाठी ते तिथंच उभे राहिले.