दामदुप्पट

एसटीतून रिटायर झालेल्या दादाभाऊंच्या फंडाची रक्कम हातात आली, आणि लग्न झाल्यापासून एकदाही माहेरी न धाडलेल्या वैजयंतीला घेऊन जावई कळंबला हजर झाले. वारूळवाडीत त्यांची स्वतःची पतसंस्था होती.

"मामा, बँक बारा टक्के देती, आमी पंधरा देतो," जावई म्हणाले. "पाच वर्षं हात लावू नका, दामदुप्पट घ्या."

वैजयंती चहा ठेवायला आत गेली. पाणी प्यायच्या निमित्तानं दादाभाऊही मागोमाग गेले.

"आबा, मंचरच्या बँकेतच टाका," ती हळूच म्हणाली. "आमच्या संस्थेचं काय खरं नाय."

"मग तिकडं तुला तरास व्हईल."

"तो काय, रोजचाच हाय." ती खाली मान घालून चहा गाळू लागली.

उभा जन्म गाडी चालवून जमवलेली पुंजी एकीकडे अन् पोटची पोर एकीकडे. दादाभाऊ बाहेर आले आणि जावयासमोर बसले.

"पावणं, पैसं तुमच्याकडंच ठेवतो. पण पाच वर्षं नको, एकच वर्ष टाका."

"मामा, एका वर्षाला व्याज लई कमी बसंल!"

 

"बसू द्या. पण दरसाल मुदत भरली, का वैजूला हिकडं धाडायची. चार दिस राहून तिनं सांगितलं, तरच पुढं ठेवीन."