बारशाचा कॉल

तेजलच्या लेकीचं बारसं बंगळुरूला होतं. शालूकाकींच्या गुडघ्यांना तेवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून पाम गावातल्या घरी कॉम्प्युटरवरच नातीचं तोंड बघायचं ठरलं होतं. नेमकं त्याच सकाळी अपडेट झालं आणि नेट गेलं.

दुरुस्तीला बोईसरहून शैलेश आला. "काकी, अपडेटमधे नेटवर्कची सेटिंगच बंद पडलीय. चालू करायला गेलो तर बटणच दाबलं जात नाय." त्याने मोडेमची वायर काढून घेतली आणि तिचं टोक शर्टाला पुसलं.

वायर हातात असतानाच कॉल आला. पडद्यावर तेजल दिसली. हिरवी साडी, मांडीवर बाळ.

"आई, दिसते का गं?"

"दिसते ना!" काकींचे डोळे भरले. "नाक तुझंच हाय बघ."

शैलेशने हातातल्या वायरकडे पाहिलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. नेटवर्क बंदच होतं. काकींचा चेहरा बघून त्याने वायर पाठीमागे धरली.

"नाव तू सांगणार होतीस ना, आई?" तेजल म्हणाली. "सांग."

काकी बोलणार, एवढ्यात त्यांचा साधा मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला.

"आई, नेट चालू झालं का गं?" तेजलचाच आवाज होता. "सगळे खोळंबलेत. तुला बघितल्याशिवाय पाळण्यात घालायची नाय तिला."

काकींनी हळूहळू मान वर केली.

पडद्यावरची तेजल तशीच हसत होती. तिने बाळाला आणखी जवळ आणलं.

"कोणाचा फोन हाय, आई?" तिने मायेने विचारलं. "नाव सांग ना."