पुढाऱ्याचं बिस्किट

"आजच्या शेवटच्या खेपेत त्या बोकडालाही ढकला," साहेब म्हणाला आणि रिकामा कप मावशीच्या हातात दिला.

मावशीनं कप परत टेबलावर ठेवला. "पुढाऱ्याला? साहेब, सहा वर्षं कामावर आहे तो."

"सोमवारपासून मशीनचा सरकता पट्टा सुरू होतोय. मेंढरू गल्लीत शिरलं की पट्टा आपोआप पुढं नेणार. मग पुढाऱ्याला काय, पेन्शन देऊ?"

पुढारी हे नाव मुकादमानं ठेवलेलं. कत्तलखान्याच्या दारात मेंढरांना आतला वास लागला की पाय रोवून उभी राहायची, मारलं तरी हलायची नाहीत. मग गळ्यात घंटा बांधलेला पुढारी त्यांच्यातून ऐटीत निघायचा, आणि सगळी खाली मान घालून त्याच्यामागं. आत नेणाऱ्या अरुंद गल्लीच्या मध्यावर एक कोनाडा होता, कोनाड्यात दार. पुढारी तिथं वळायचा. मेंढरं सरळ जायची.

"सगळ्यांना आत घालतो अन् स्वतः बाजूनं सुटतो," मुकादम म्हणायचा. "दुसरं काय नाव ठेवणार?"

त्या दारापलीकडं मावशीची धुण्याची खोली. नळी, खराटा आणि मोरी. पुढारी दारावर शिंगं आपटायचा, तीनदा. मावशी दार उघडून बिस्किट द्यायची. त्याला जन्म देऊन तासभर झाला नाही तोच त्याची आई याच गल्लीतून गेली होती. मावशीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं.

"मग मी नेते त्याला," ती म्हणाली.

"न्या. आजच्या आज. मागनं रडत यायचं नाही."

नेणार कुठं? मावशीच्या राहत्या खोलीत तिचेच पाय मावत नव्हते. एकच जागा होती, आणि तिथं ती तीन वर्षांत गेली नव्हती. लेकीकडं.

लेक टेकडीपलीकडं राहायची, तासाभराच्या चालीवर. तिच्याकडं बावीस मेंढ्या होत्या, लंगड्या, काण्या, म्हाताऱ्या, कुणी ना कुणी टाकून दिलेल्या. लोकर विकायची, मेंढी एकही नाही. प्रत्येकीच्या मागच्या पायात खुणेची निळी फीत. आईचं काम तिला बघवायचं नाही. शेवटच्या भांडणात तिनं आईच्या हातचा पाण्याचा पेलाही परत केला होता. "वास येतो तुझ्या हाताला," म्हणाली होती. त्या दिवसापासून मावशी हाताला दोनदा साबण लावायची. कुणाला दाखवणार होती, देव जाणे.

मावशी बोकड घेऊन दारात उभी राहिली तेव्हा लेक लेंड्या झाडत होती.

"हाच का तो?"

"हाच."

"किती जणींना पोचवलंय यानं?"

"त्याला काय कळतंय? त्याला बिस्किट कळतं." मावशी चिडली. "आणि मोजायचंच असेल तर मला मोज. धुतलंय सगळं मी."

लेकीनं झाडू भिंतीला टेकवला. "मग आता एक वाचवलास म्हणून हार घालू तुला?"

"नको. याला ठेव फक्त. मारणार होते गं."

मावशीनं दोर पुढं केला. पुढाऱ्यानं लेकीच्या खिशाला नाक लावलं.

"लबाड आहे मेला," ती म्हणाली आणि हसली. "ती घंटा काढ त्याची."

"राहू दे की. लहानपणापासूनची आहे. वाजली नाही तर बिथरतो, चाऱ्याला तोंड लावत नाही."

"बरं. पण बिस्किटं बंद. इथं गवत मिळतं."

"आणि गोठ्याला कडी नाही लावलीस?"

"मी कुणाला कोंडत नाही, आई."

आई. मावशीनं पटकन तोंड फिरवलं.

"माझे हात भरलेत," लेक म्हणाली. "जरा पाणी पाज."

मावशीनं पेला भरून तिच्या ओठाला लावला. लेकीनं सगळा संपवला.

"पुढच्या रविवारी जेवायला ये. आणि ती नोकरी सोड."

"सोडते. एवढा महिना भरू दे."

सोमवारी पहाटे पट्टा सुरू झाला. आवाज असा की शेजारचा बोंबलला तरी कळेना. दाराशी मेंढरं बघून घेणारा माणूस साहेबानं काढून टाकला होता. आता फाटक मेंढरानंच ढकलायचं. आतले कसाई गळ्यापलीकडं काही बघत नव्हते. बघून करतात काय?

पहिली खेप उजाडतानाच आली. मुकादम मोरीशी येऊन मावशीच्या कानात ओरडला, "बाहेर धूळ उडालेली दिसली, येईपर्यंत आत पण गेली! हाकायला नको, काय नको. तुझ्या पुढाऱ्यावाचून काही अडलं नाही बघ!"

मावशी हसली. लोळत असेल गवतात, तिला वाटलं. रविवारी लेकीसाठी काय न्यावं याचा ती विचार करत होती. पायाखालून लाल पाणी वाहत होतं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

पट्टा थांबला. कान सुन्न झाले. तेवढ्यात अंगणात ट्रकचा भोंगा वाजला.

"चाक बसलं वाटेत," ड्रायव्हर खाली उडी मारत म्हणाला. "सकाळची खेप कुठं उतरवू?"

मुकादमानं ट्रकात डोकावून बघितलं. मेंढरं खच्चून भरलेली.

"सकाळची ही? मग मघाशी गेली ती कुणाची?"

मावशीची मोरी तुंबली होती. तिनं हात घातला, बोटांत काहीतरी अडकलं, ते ओढून काढलं आणि नळीखाली धरलं. लाल धुऊन गेलं. खाली निळं होतं.

बाजूच्या दारावर शिंगं आपटली. तीनदा.